कंसातला आउट

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे हा मुद्दा वादाचा नाही. धंदा अर्जनवीस. राहणार रत्नागिरी, मांडवीच्या बाजूला.

सामनेवाला : अर्जदाराचा चुलतभाऊ. अर्जदारापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि तेवढ्याच कारणावरून स्वतःला शहाणा समजणारा. आधी मुंबईत एका छापखान्यात, हल्ली आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहून लग्नपत्रिका छापून देणारा.

साक्षीदार पहिली : आमची आत्या. घटनेच्या वेळी पंच, आजही पंच, मधल्या काळातही तिने पद सोडल्याची कुठे नोंद नाही.

साक्षीदार दुसरी : अर्जदाराची पत्नी. घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी ह्या घरात आली, परंतु घटनेविषयी सर्वांपेक्षा अधिक बोलते.

दिनांक : मे महिन्याची सुट्टी. हापूस संपत आला होता आणि रायवळ सुरू होता. साल नमूद करत नाही, कारण त्याबाबत साक्षीदारांत एकवाक्यता नाही.

विषय : टीव्हीवरच्या बेसबॉलच्या खेळात अर्जदाराने मारलेले सर्व होम रन आउट ठरवून त्यावरून पाडलेले टोपणनाव अर्जदाराच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत कंसात छापण्याचा घाट.

वरील नोंदीत कोणाचेही नाव घातलेले नाही. इतकी वर्षे अर्ज लिहून मला एवढे समजले आहे की नाव लिहिले की माणूस भांडायला उठतो, आणि नुसते नाते लिहिले तर तो रुसण्यावर भागवतो. सामनेवाला रोज संध्याकाळी माझ्याच ओटीवर माझ्याच घरचा चहा पितो. त्याला रुसलेला ठेवणे मला परवडते. भांडलेला ठेवला तर आत्या दोघांनाही चहा बंद करील.

माझा परिचय थोडक्यात देतो. दहावीची परीक्षा आणि मी परस्परसंमतीने विभक्त झालो. तथापि कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे, आणि चांगले पदवीधर लोक ‘सदरहू’ हा शब्द कुठे घालावा हे विचारायला तिथे येतात. हद्दीचे वाद, वारसनोंदी, रस्त्यात आलेली फांदी, फांदीवर आलेला शेजारी, असे सर्व प्रकार माझ्या हातून गेले आहेत. माझ्या अर्जाला उत्तर आले नाही असे सहसा होत नाही. ते उलट आले असेल, पण आले. असा माणूस ज्या एका नावाने गावभर ओळखला जातो, ते नाव ‘आउट’ हे आहे. लहानांना मी आउटकाका, मोठ्यांना आउट, आणि अर्जाची घाई असलेल्यांना आउटसाहेब.

ह्या नावाने धंद्याचे होणारे नुकसान वाचकांच्या सहज लक्षात येणार नाही म्हणून एक संवाद उद्धृत करतो. मी चहाला गेलो असताना एक पक्षकार शेडमध्ये आला आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना म्हणाला, “आउटकाका?”

“आउट आहेत,” गृहस्थ म्हणाले.

“ते ठाऊक आहे हो. गेलेत कुठे?”

“सांगितलं ना, आउट.”

तो पक्षकार चिडून दुसऱ्याकडे अर्ज लिहून घेऊन गेला. मी परत आलो तेव्हा सगळी शेड हसत होती.

आता मूळ घटनेकडे वळतो.

त्या सुट्टीत चुलतभाऊ मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला. पांढरा डबा, दोन रिमोट, आणि वर खोचायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर चिनी की जपानी अक्षरे होती. ती कोणती, ह्यावर घरात दोन तट पडले आणि दोन्ही तटांपैकी कोणालाही वाचता आले नाही. त्यातला जो खेळ चालला तो बेसबॉलचा निघाला. बेसबॉल आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. पण एक जण चेंडू टाकतो आणि दुसरा दांडक्याने मारतो एवढे दिसल्यावर आम्हांला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते क्रिकेटच होते, फक्त स्टंप चोरीला गेलेले. जमिनीवर चार कोपऱ्यांत चार पांढऱ्या उशा ठेवल्या होत्या. मारणारा पहिल्या उशीवर जाऊन उभा राहिला की नवा माणूस मारायला येई. आम्ही त्याला पलीकडच्या टोकाचा बॅट्समन समजलो आणि एक धाव धरली. सर्व काही नियमात बसत होते.

मग माझी पाळी आली. पहिल्या की दुसऱ्या चेंडूवर मी बटण दाबले आणि चेंडू असा काही वर गेला की पडदा त्याच्या मागे धावू लागला. मैदान संपले, भिंत आली, भिंत मागे पडली आणि चेंडू पलीकडे दिसेनासा झाला. गाणे वाजू लागले. आकाशात फटाके फुटले. माझा माणूस टोपी उडवत चारही उशांना फेरी मारून आला.

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात चुलतभावाने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

“आउट,” तो म्हणाला.

“आउट कसला? सिक्स आहे!”

“गडग्यापलीकडे गेला ना? मग?”

इथे बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा आवश्यक आहे. आमच्या अंगणाला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचून केलेली कुंपणाची भिंत, आहे. गडग्यापलीकडे ज्या आजी राहत, त्यांच्या माडापोफळींच्या आगरात गेलेला चेंडू परत येत नसे. त्या म्हाताऱ्या बाई चेंडू देत नसत आणि नाही असेही म्हणत नसत. “सापडला की देते हो,” एवढेच म्हणत. त्यामुळे आमच्या अंगणात गडग्यापलीकडे मारणारा आउट, हा कायदा आमच्या जन्माआधीपासून लागू होता. रत्नागिरीत ज्या मुलाच्या घराला गडगा आहे, त्याने उंच फटका मारण्याची हौस लहानपणीच सोडलेली असते. आम्ही सगळे जमिनीलगत, सरपटते मारणारे.

“हे टीव्हीत आहे,” मी म्हणालो. “तिथे आजी कुठे आहेत?”

“भिंत आहे ना? पलीकडे कोणीतरी असणारच.”

“फटाके फुटतायत बघ!”

“अरे, तू आउट झालास म्हणून समोरचे फोडतायत. आपण नाही का, मॅच जिंकल्यावर दुसऱ्यांच्या दारात फोडत?”

मी आत्येकडे पाहिले. आत्या त्या वेळी टीव्हीशेजारी बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती आणि घरातले सर्व निकाल तीच देत असे. तिने पडद्याकडे नीट बघितले. माझा माणूस फेरी पूर्ण करून हात हलवत आत निघून गेला होता आणि त्याच्या जागी नवा माणूस दांडका घेऊन उभा होता.

“तुझा माणूस कुठे गेला?” आत्येने विचारले.

“आत गेला.”

“आणि हा नवीन?”

“नवीनच आहे.”

“सिक्स मारलेला कधी घरी जातो का रे मेल्या? तो खेळतोच ना? हा गेला, दुसरा आला. आउटच तो.”

ह्या निकालात मला त्या वेळी एकही फट सापडली नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पुढेही वर्षानुवर्षे सापडली नाही. क्रिकेट जाणणाऱ्या कोणाही सभ्य माणसाला विचारा. फटका मारून जो तंबूत परतला आणि ज्याच्या जागी दुसरा आला, तो आउट नाही तर कोण? एक धाव काढणारा निदान उशीवर उभा तरी राहत होता. माझा तर मैदानातूनच नाहीसा झाला होता.

आता कोणी विचारील की पडद्यावर धावसंख्या नव्हती का. होती. परंतु आमच्या टीव्हीवर आत्येने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल होता, आणि त्याची झालर पडद्याच्या वरच्या बाजूवर चार बोटे खाली उतरलेली असे. बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस आम्ही कधी पाहिले नाहीत. धावसंख्या त्या झालरीमागे होती. रुमाल उचलण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. आला असता तरी तो मनातच राहिला असता.

त्यामुळे धावा आम्ही स्वतः मोजू लागलो, एक उशी एक धाव ह्या दराने. चुलतभावाला सरपटत्या फटक्यांचे अंग होते. चेंडू दोघांच्या मधून अलगद सारायचा, माणूस उशीवर नेऊन ठेवायचा, पुन्हा तसेच. एका दुपारी त्याने त्रेपन्न काढल्या आणि माडीच्या भिंतीवर कोळशाने ‘५३’ लिहिले. तो विक्रम मोडणे सोडाच, पुढे घराला चुना काढताना गड्याने तेवढा चौकोन सोडून चुना काढला. माझा सर्वोच्च आकडा अकरा. अकरापर्यंत मी कसाबसा दम धरीत असे, आणि मग चेंडू डोळ्यांसमोर असा मोठा, गोल, रसाळ होऊन येई की हात राहत नसे. पुन्हा गडग्यापलीकडे. पुन्हा गाणे, पुन्हा फटाके.

“आउट!” सगळे घर ओरडे. त्यातूनच नाव पडले.

त्या सुट्टीतले काही होम रन, म्हणजे भिंतीपलीकडचे फटके, स्वतंत्रपणे नमूद करण्याजोगे आहेत. एकदा चेंडू भिंतीकडे निघालेला असताना वीज गेली. भिंत अजून आली नव्हती. चुलतभाऊ म्हणाला, आउट. मी म्हणालो, चेंडू भिंत ओलांडल्याचे कोणी पाहिलेले नाही. आत्येने सांगितले, “लाइट येईपर्यंत तो चेंडू कोणाचाच नाही.” लाइट आली तेव्हा खेळ पहिल्यापासून सुरू झाला. सबब तो चेंडू कायद्याच्या दृष्टीने आजही हवेत आहे आणि त्यावरचा माझा हक्क मी राखून ठेवलेला आहे.

दुसरा होम रन खुद्द आत्येचा. “काय एवढं असतं त्यात, बघू,” म्हणून तिने आठळ्यांच्या चिकट हातांनी रिमोट घेतला आणि कोणते बटण कोणते हे न विचारता दोन्ही दाबली. चेंडू भिंतीच्या इतका वरून गेला की तसा मला कधी जमला नाही. फटाके फुटू लागले. चुलतभावाने तोंड उघडले आणि तसेच ठेवले.

“म्हण की,” मी म्हणालो. “काय झाली आत्या?”

त्याने पंख्याकडे बघितले. मग म्हणाला, “पंच आउट होत नाही.”

कायद्यापुढे सर्व समान ह्या तत्त्वावरची माझी श्रद्धा त्या दुपारी उडाली. पुढच्या धंद्यात ती उडालेलीच उपयोगी पडली.

इतकी वर्षे मी हे नाव सोसले. लोक हाक मारतात, आपण ओ देतो. परंतु यंदा मुलीचे लग्न ठरले. मुलगा दापोलीचा, त्याच्या वडिलांची कलमांची रोपवाटिका आहे. शांत, मोजके बोलणारी माणसे. आणि पत्रिका छापण्याचे काम अर्थातच चुलतभावाने आपल्याकडे घेतले.

आमच्याकडच्या पत्रिकेत नावापुढे कंस असतो. पाळण्यातले नाव शिधापत्रिकेपुरते. गाव ओळखतो ते कंसातल्या नावाने. कोणी (भाऊ), कोणी (बंड्या), कोणी (शेठ). एकदा एका प्रतिष्ठित वकिलांच्या घरच्या पत्रिकेत मी (ढोल्या) वाचले आहे आणि त्यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. कंस नसेल तर लोक पत्रिका उलटीसुलटी करून बघतात आणि भलत्याच घरी आली म्हणून परत पाठवतात. तेव्हा कंस काढून टाका असे म्हणण्याची सोय नव्हती.

चुलतभावाने मजकुराचा नमुना ओटीवर माझ्यासमोर धरला. आमचे येथे श्रीकृपेकरून, वगैरे सर्व ठीक होते. खाली माझे नाव, आणि त्यापुढे : (आउट).

“हे काय आहे?” मी विचारले.

“तुझं नाव.”

“हे नाव आहे?”

“मग काय दुसऱ्याचं आहे? उद्या कचेरीतले लोक पत्रिका बघून म्हणतील, हा कोण बुवा? कोणी यायचं नाही लग्नाला.”

पत्नी आतून म्हणाली, “छापू दे की हो. निदान कोणाच्या घरचं लग्न आहे ते तरी कळेल.”

“वधूपिता आउट?” मी म्हणालो. “व्याही काय म्हणतील? लग्नाआधीच आउट?”

“ते विचारतील तेव्हा सांगू की,” चुलतभाऊ चहाचा घोट घेत म्हणाला, “फार वर्षांपूर्वीचा आउट आहे. आता सवय झाल्ये.”

मी पेन बाजूला ठेवले आणि फेरसुनावणीची मागणी केली. मूळ निकालच चुकीचा ठरला तर नाव आपोआप रद्द होते, अशी माझी भूमिका होती. चुलतभाऊ हसला. “त्रेपन्न विरुद्ध अकरा. बघ बुवा. पुन्हा आउट झालास तर मोठ्या टायपात छापीन.” अट मान्य झाली. जुना डबा केव्हाच मोडला होता, पण त्यानेच मुंबईच्या फुटपाथवरून जुन्या खेळांनी भरलेली एक लहान डबी आणून ठेवली होती आणि तिच्यात ती भिंत, त्या उशा, तो खेळ, जसाच्या तसा होता. मी त्यापूर्वी तिला हात लावला नव्हता. कारण तेच नाव.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच व्याही मजकूर पक्का करायला दापोलीहून एसटीने आले. पत्नीने त्यांच्यापुढे पोहे ठेवले आणि माझ्याकडे असे पाहिले की दुसरा कोणी असता तर त्याने तारीख वाढवून घेतली असती. परंतु आत्या खुर्चीत येऊन बसली होती. व्याहीबुवांना मी प्रकरण समजावून सांगितले. त्यांनी पोह्यांची बशी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बरं.”

मी आधी युक्तिवाद केला. “पडद्यावरच्या भिंतीपलीकडची जमीन कोणाची आहे? सातबारा कोणाच्या नावे? जोवर ती परक्याची आहे हे सिद्ध होत नाही, तोवर आमचा गडग्याचा कायदा तिथे लागू करता येत नाही.”

“पलीकडे माणसं बसलेली दिसतायत,” चुलतभाऊ म्हणाला. “रोज बसतात. वहिवाट आहे त्यांची.”

“ते प्रेक्षक आहेत!”

“मग चेंडू परत का देत नाहीत? प्रेक्षक देतात. आजी देत नव्हत्या.”

व्याहीबुवा म्हणाले, “आधी मारून तर दाखवा.”

मी रिमोट हाती घेतला. वाचकहो, एका साध्या बटणाची भीती काय असते हे तुम्हांला सांगून कळणार नाही. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. हात वर उचलला की कानात घरभर ‘आउट’ ऐकू येई आणि अंगठा तिथेच अडे. तीन चेंडू गेले की माणूस बाद होतो, तसे माझे दोघे बाद झाले. चुलतभाऊ आत्येच्या कानाशी म्हणाला, “मोठा टाइप लावून ठेवतो.”

“गप रे शिंच्या,” आत्या म्हणाली. “मार रे तू. काय होईल ते होईल.”

तेव्हा तो आला. मोठा, गोल, रसाळ. मी दोन्ही बटणे दाबली, आत्येसारखी.

पडदा मागे धावू लागला. भिंत आली, गेली. गाणे. फटाके. माझा माणूस टोपी उडवत निघाला. आणि त्या आवाजात व्याहीबुवा घास गिळून म्हणाले, “वरती एक आला बघा.”

“काय आला?”

“एकाचा आकडा. मघाशी शून्य होतं.”

आमचा हल्लीचा टीव्ही भिंतीवर टांगलेला, पाटीसारखा चपटा. त्यावर रुमाल टाकला तर राहत नाही. ह्या खेळातली पडद्याची वरची बाजू आम्ही प्रथमच लक्ष देऊन पाहत होतो.

“एक आउट, असा तो आकडा आहे,” चुलतभाऊ घाईने म्हणाला.

“मग मघाशी दोघे आउट झाले तेव्हा का नाही आला?” व्याहीबुवा म्हणाले. “तेव्हा खाली लाल टिकल्या पेटल्या. दोन. अजून दोनच आहेत.”

सगळे वाकून बघू लागले. दोनच होत्या. चुलतभावाने माझ्या हातातून रिमोट ओढला आणि आपली बाजू मांडायला खेळायला बसला. मांडी घातली, मान वाकडी केली, त्याच जुन्या हाताने चेंडू दोघांच्या मधून सारला. माणूस उशीवर. आम्ही वर बघितले. आकडा हलला नाही. पुन्हा एक. दोन उशांवर दोघे उभे. आकडा एकच, तोही माझा. मग त्याने मारलेला चेंडू उडाला आणि कोणीतरी झेलला. खाली तिसरी टिकली पेटली आणि त्याची सगळी माणसे उशा सोडून आत निघून गेली.

“आणि ते दोघे उभे होते त्यांच्या धावा?” आत्येने विचारले.

“नाही धरत वाटतं,” व्याहीबुवा म्हणाले. “पूर्ण फेरी मारून घरी आला तरच धरतात.”

माडीवरच्या त्रेपन्नाकडे त्या वेळी कोणी बघितले नाही. बघायला जिना चढावा लागला असता. पण चुलतभावाची मान जिन्याकडे वळलेली मी पाहिली, आणि ती मी रेकॉर्डवर घेतो.

आत्येने बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, “म्हणजे जो घरी जातो त्याचीच धाव?”

“हो.”

“आणि हा तेव्हापासून घरी जातोय, तर आपण ह्याला आउट म्हणतोय?”

“हो.”

“मग हे तेव्हा कसं दिसलं नाही कोणाला?”

ह्या प्रश्नावर पत्नीने पोह्यांची बशी उचलली. चुलतभावाने डबीची वायर नीट केली. न्यायासनाविरुद्ध पुरावा न्यायासनासमोरच मांडण्याचा प्रसंग माझ्यावर आजवर आला नव्हता, आणि मी तो त्या दिवशीही येऊ दिला नाही.

आत्येला स्वतःलाच आठवले. “माझा रुमाल होता ना वर?”

“होता.”

“छान होता.”

“फार छान होता, आत्ये.”

“मग झालं,” ती म्हणाली. “टिकली पेटली नाही म्हणजे आउट नाही. हा आउट नव्हता, आधीही नव्हता, आजही नाही. आणि तू रे, पत्रिकेत तसं लिही. मी सांगत्ये ते लिही. कळलं?”

“तू सांगत्येस तस्संच लिहितो, आत्ये,” चुलतभाऊ म्हणाला. फारच नम्रपणे म्हणाला. ज्याच्यासमोर रोज खोटी प्रतिज्ञापत्रे लिहून घ्यायला माणसे येतात, त्या मला त्या नम्रतेचा वास यायला हवा होता. परंतु मी त्या वेळी व्याहीबुवांना आमरस वाढत होतो.

पत्रिका छापून आल्या. गठ्ठा ओटीवर सोडला. दोरी कापली. कागद उत्तम, शाई उत्तम, गणपती उत्तम. खाली माझे नाव, आणि त्यापुढे :

(नॉट आउट).

“हे काय आहे?” मी विचारले. हा प्रश्न मी त्या ओटीवर दुसऱ्यांदा विचारत होतो.

“निकाल,” चुलतभाऊ म्हणाला. “आत्या काय म्हणाली? आउट नाही, तसं लिही. लिहिलं.”

मी पत्रिका घेऊन तडक आत्येकडे गेलो. तिने चष्मा लावून वाचली. “बरोबर आहे की,” ती म्हणाली. “मी दिलेला निकाल घरात राहिला असता. आता सगळ्या जिल्ह्याला कळेल.” मी व्याहीबुवांना फोन केला. त्यांच्याकडे गठ्ठा आधीच पोचला होता आणि ते खूश होते. “शुभ आहे हो,” ते म्हणाले. “दीर्घायुष्याचं लक्षण. आमच्याकडे सगळ्यांना आवडलं. बदलू नका.” इतके ते माझ्याशी एका वेळी आधी कधी बोलले नव्हते. पत्नीने विचारले, “सेंच्युरीला किती राहिले?” आणि हसता हसता तिला खाली बसावे लागले.

आता प्रकार असा झाला आहे की पत्रिका गेलेल्या घरांतून मला नमस्कार येऊ लागले आहेत. पूर्वी जे खांद्यावर थाप मारीत, ते वाकतात. परवा बसमध्ये एका बाईंनी मला जागा दिली. शेडमधल्या शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “पंचाहत्तरी केव्हा झाली? कळवलं नाहीत.” आमच्याकडे ‘नॉट आउट’ हे कोणाला म्हणतात हे सुज्ञास सांगणे नलगे. सत्कार, शाल, श्रीफळ आणि शेवटी फोटोसाठी धरून उभे करतात, त्यांना. मी वधूपिता आहे. मला मांडवात धावपळ करायची आहे. मला कोणी धरून उभे करू नये.

वास्तविक मी जिंकलो आहे, आणि हीच माझी अडचण आहे. हरलेल्याला अपील करता येते. आपल्या बाजूने लागलेल्या निकालाविरुद्ध दाद मागण्याची तरतूद मला कुठल्याही कायद्यात सापडलेली नाही, म्हणून हा अर्ज मी आपणापुढे ठेवत आहे.

सबब प्रार्थना की,

सदरहू पत्रिका ज्या ज्या वाचकांच्या हाती आली असेल त्यांनी माझ्या नावापुढचा कंस शाईच्या पेनाने, दोन्ही बाजूंच्या कमानींसह, खोडावा. कंसाशिवाय मी ओळखूच येणार नसेन, तर तिथे ‘होम रन’ असे लिहावे. ते दोन्ही शब्द मला चालतील आणि ते मी कमावलेले आहेत. चुलतभावाने स्वतःच्या नावापुढे (त्रेपन्न) असे छापले आहे, ते तसेच राहू द्यावे. त्याबद्दल माझी काही हरकत नाही.

तसेच चेंडू गडग्यापलीकडे गेला आणि माणूस घरी परतला, तर त्यास काय म्हणावे, ह्याबाबत आपले मत लग्नाच्या तारखेपूर्वी कळवावे. लग्नास अगत्य यावे. मी मांडवाच्या दारात उभा असेन, कोणाच्याही आधाराशिवाय.

उत्तर लेखी द्यावे. तोंडी निकालाची अंमलबजावणी कशी होते हे मी वर नमूद केले आहे.

अर्जदार